एकच गोळी : एकाला तारक, एकाला मारक

आमच्या घरी फ्रिजवर श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो. तुमच्याही घरी असेल. डब्यावर आम्रखंडाचं चित्र, आत मात्र औषधं! सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, सासूबाईंचं कॅल्शियम, मुलांच्या तापाचं औषध, अर्धवट राहिलेली खोकल्याची बाटली, असं सगळं त्यात गुण्यागोविंदानं नांदत होतं. त्या डब्यातल्या एका इवल्याशा गोळीनं २०२४ च्या गणपतीत आमच्या घरावर काय प्रसंग आणला, तो आज सांगणार आहे. मी काही डॉक्टर नाही. बी. ए. झालेली, घर सांभाळून दुपारच्या शाळेत चार तास शिकवणारी बाई आहे. पण त्या आठ दिवसांत जे शिकले, ते प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक असावं असं वाटतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, २०२१ च्या दिवाळीत हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर इस्पितळात नेलं, स्टेंट घातला आणि अण्णा सुखरूप घरी आले. पहिलं वर्षभर गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या होत्या. पुढे डॉक्टरांनी त्यातली एक बंद केली आणि एक कायम ठेवली. ती म्हणजे ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी. "ही जन्माची सोबतीण समजा," असं ते म्हणाले होते.

सासूबाई तेव्हा अडुसष्टच्या. थोडा रक्तदाब आणि कुरकुरणारे गुडघे सोडले, तर तब्येत ठणठणीत. २०२४ ची हरतालिका त्यांनी नेहमीसारखी कडक केली. दुसऱ्या दिवशी गणपती बसले. मोदकाची उकड मळता मळता त्या ओट्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "अगं, डोळ्यांपुढे काळोखी येतेय." आम्हाला वाटलं, उपासानं. लिंबू सरबत दिलं, पडायला सांगितलं. आरतीला उभ्या राहिल्या आणि तिथेच खाली बसल्या. चेहरा पांढराफटक, हातपाय गार. तसंच रिक्षात घातलं आणि इस्पितळात नेलं. हिमोग्लोबिन किती? सहा पूर्णांक आठ!

डॉक्टरांनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" मी शाळेतल्या हुशार मुलीसारखं धडाधडा सांगितलं, "रक्तदाबाची एक आणि कॅल्शियम." ते म्हणाले, "दुखण्यावर काही? ॲस्पिरिन?" मी "नाही" म्हणणार, तेवढ्यात सासूबाई छताकडे बघत हळूच म्हणाल्या, "ह्यांच्यातली एक घेते मी."

"कधीपासून?"

"पाडव्यापासून."

म्हणजे पाच महिने! शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, की ती बारीक गोळी रोज घेतली तर रक्त पातळ राहतं आणि झटका येत नाही. काकूंना कुणी सांगितलं? त्यांच्या बहिणीनं. बहिणीला त्यांच्या जावेनं. सासूबाई औषधाच्या दुकानातून अण्णांच्या नावावर एक पाकीट जादा आणत. सकाळी अंघोळ झाली, की चहाच्याही आधी, रिकाम्या पोटी ती गोळी घेत. वर गुडघे दुखले की आयब्युप्रोफेनची गोळी. ती तर काय, घरातलीच! दोन आठवडे शौचाला काळं होत होतं, पण काळ्या मनुका खातेय म्हणून असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. आणि असल्या गोष्टी सुनेला सांगायच्या कशा?

दुर्बिणीनं तपासलं, तर जठरात व्रण. त्यातून थेंब थेंब रक्त जात होतं. दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. आमच्या गौरी त्या वर्षी इस्पितळातच जेवल्या म्हणायच्या.

ही गोळी करते तरी काय?

ॲस्पिरिनचं मूळ झाडाच्या सालीत आहे. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज दिसतो, त्याच्याच कुळातल्या विलो झाडाची साल युरोपात तापावर देत. १७६३ साली एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज पाद्र्यानं त्याबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपातलं औषध तयार झालं आणि १८९९ पासून ते 'ॲस्पिरिन' नावानं ओळखलं जाऊ लागलं. तेव्हा ते डोकेदुखीचं, तापाचं, सांधेदुखीचं औषध होतं. त्याचा हृदयाशी संबंध फार उशिरा लक्षात आला.

ॲस्पिरिन शरीरात नेमकं काय करतं, हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये दाखवलं. त्याबद्दल १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. ॲस्पिरिन ती तयार होऊ देत नाही, हे त्यातलं सार.

डेंग्यूच्या साथींमुळे 'प्लेटलेट' हा शब्द आता सगळ्यांना पाठ झाला आहे. कापलं, खरचटलं, की रक्तातल्या या प्लेटलेट धावत येतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. किती गुणाच्या! पण हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत त्या अशाच चिकटल्या, तर गुठळी होते, रक्त अडतं आणि झटका येतो. ॲस्पिरिन या प्लेटलेटचा चिकटपणा काढून घेतं, आणि तोही कायमचा. ज्या प्लेटलेटला औषध लागलं ती मरेपर्यंत तशीच राहते. प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवस. म्हणून गोळी आज सोडली तरी तिचा परिणाम काही दिवस राहतो.

तेव्हा 'रक्त पातळ होतं' म्हणजे ताकात पाणी घातल्यासारखं होतं, असं नव्हे. गुठळी धरण्याची शक्ती कमी होते, इतकंच. आणि ती शक्ती नुसती हृदयापुरती कमी होत नाही, सगळ्या अंगाची होते. शिवाय जठराच्या आतल्या नाजूक अस्तराला आम्लापासून जपण्याचं काम तीच प्रोस्टाग्लँडिनं करतात. ती कमी झाली, की अस्तर उघडं पडतं. म्हणजे एकीकडे पोटात जखम होण्याची भीती वाढते आणि दुसरीकडे ती जखम बुजायला प्लेटलेट येत नाहीत. दुहेरी मार!

मग घ्यायची कुणी?

ज्यांना एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, ज्यांची बायपास झाली आहे किंवा ज्यांना मेंदूत गुठळी अडकून पक्षाघात झाला आहे, त्यांना बहुधा डॉक्टर ही गोळी देतात. त्यांच्या बाबतीत फायदा धोक्याहून पुष्कळ मोठा असतो. झटका आलेल्या सतरा हजारांहून अधिक रोग्यांवर केलेला एक मोठा प्रयोग १९८८ साली प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर लगेच सुरू करून महिनाभर रोज सुमारे १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारानं होणारे मृत्यू जवळजवळ एक चतुर्थांशानं कमी झाले. इतक्या स्वस्त गोळीनं एवढं काम करावं, ही लहान गोष्ट नाही.

पण ज्यांना अजून काहीच झालेलं नाही, त्यांचं काय? इथेच आपलं चुकतं. २००५ साली अमेरिकेत पंचेचाळीसच्या पुढच्या जवळजवळ चाळीस हजार निरोगी बायकांचा दहा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना एक दिवसाआड १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं होतं. पक्षाघात थोडे कमी झाले, पण एकंदरीत पाहता हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. उलट पोटातून रक्त जाण्याचे प्रकार वाढले. पुढे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या एकोणीस हजारांवर निरोगी वृद्धांचा अभ्यास आला. बहुतेक सगळे सत्तरीचे किंवा त्यापुढचे. त्यांतही गोळीनं हृदयाचं रक्षण झाल्याचं दिसलं नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढले. म्हणून २०२२ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळानं सांगितलं, की साठीच्या पुढच्या माणसांनी केवळ पहिला झटका टाळण्यासाठी ॲस्पिरिन नव्यानं सुरू करू नये. चाळीस ते एकोणसाठ या वयातही सरसकट नाही, माणूस पाहून डॉक्टरांनी ठरवावं. मधुमेह असलेल्यांचंही तसंच. त्यांना थोडा फायदा होतो, पण रक्तस्रावाची जोखीमही वाढते.

आमच्या सासूबाई नेमक्या ह्यात बसत होत्या. हृदय चांगलं, वय साठीपुढचं, वर दुखण्याच्या गोळ्या. फायदा जवळजवळ नाही आणि धोका मात्र पदरात.

दुसरी चूक

सासूबाई घरी आल्या आणि आम्ही हुश्श केलं. पाचव्या दिवशी मी तो श्रीखंडाचा डबा आवरायला काढला. अण्णांची ॲस्पिरिनची स्ट्रिप पाहिली आणि मोजत बसले. शिक्षिकेची सवय! इस्पितळाच्या धावपळीत आणलेली चौदा गोळ्यांची नवी स्ट्रिप, आणि चौदाच्या चौदा गोळ्या जागेवर.

"अण्णा, गोळी घेत नाही का?"

अण्णा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "तिचं रक्त गेलं ते ह्याच गोळीनं ना? मग मी कशाला घेऊ विष?"

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, त्यातला प्रकार! लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते इतके शांत गृहस्थ, पण त्यांचाही आवाज चढला. "आजची गोळी आत्ता द्या. आणि त्यांना सांगा, स्टेंट असलेल्या माणसानं ही गोळी मनानं बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. म्हणजे पुन्हा झटका!" अण्णांनी मुकाट्यानं गोळी घेतली. मी मात्र रात्रभर डोळे उघडे ठेवून पडले होते. जी गोळी एकीनं घेतली म्हणून जीव धोक्यात आला, तीच दुसऱ्यानं सोडली म्हणूनही येऊ शकत होता. आणि दोघं एकाच छपराखाली!

गोळी चालू असेल तर हे पाळा

अण्णांसाठी डॉक्टरांना विचारून विचारून जे टिपून घेतलं, ते असं.

गोळी रोज ठरलेल्या वेळी. आमच्याकडे दुपारच्या जेवणानंतर. एखाद दिवशी विसरली, तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असेल, तर ती चावू नये, कुटू नये, पाण्याबरोबर अख्खी गिळावी. पण आवरण आहे म्हणून पोटाला धोका नाही, असं समजू नये. रक्तस्रावाची भीती त्यानं जात नाही. ज्यांचं पोट नाजूक आहे, त्यांना डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी जोडीला देतात.

जोडगोळीपासून सावध! कोलेस्टेरॉलच्या किंवा दुसऱ्या औषधाबरोबर ॲस्पिरिन एकत्र केलेल्या गोळ्याही मिळतात. डोकेदुखीला आपण पाण्यात विरघळवून डिस्प्रिन घेतो, तेही ॲस्पिरिनच, आणि त्या एका गोळीत ७५ च्या चौपटीहून अधिक असतं. नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं, असं नाही. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा नसेल तर नातवाकडून वाचून घ्या.

अंगदुखी, गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मनानं घेऊ नका. ॲस्पिरिनबरोबर ती पोटाची नासाडी करतात, आणि आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामातही आड येऊ शकतं. ताप किंवा साधं दुखणं असेल, तर बहुतेकांना ठरलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल चालतं, पण तेही एकदा आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

दात काढायचा असेल, मोतीबिंदूची किंवा कुठलीही शस्त्रक्रिया असेल, तर ॲस्पिरिन चालू असल्याचं आधी सांगा. पण आपणहून बंद करू नका. बंद करायचं का आणि किती दिवस, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

गोळ्या पाकिटातच ठेवा, कोरड्या जागी. ॲस्पिरिनला दमट हवा सोसत नाही. पावसाळ्यात गोळीला शिरक्यासारखा आंबट वास आला, तर ती बिघडली समजा आणि टाकून द्या.

कुणाला देऊ नये

ज्यांना पूर्वी जठराचा व्रण झाला आहे किंवा कुठून तरी रक्त गेलं आहे, ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही, ज्यांना ॲस्पिरिननं दमा उसळतो, किंवा जे गुठळीविरोधी दुसरं औषध घेतात, त्यांनी डॉक्टरांच्या शब्दाशिवाय ह्या गोळीला हात लावू नये.

मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. फ्ल्यू, कांजिण्यांसारख्या तापात दिलं, तर क्वचित मेंदू आणि यकृताचा गंभीर आजार होतो. पावसाळ्यात तापाची साथ असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर मोठ्यांनाही तापासाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको. आधीच प्लेटलेट कमी, त्यात ही भर! आणि ज्यांना हृदयासाठी ही गोळी आधीपासून चालू आहे, त्यांनी तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.

गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका असलेल्या काहीजणींना डॉक्टर बारीक मात्रेत हीच गोळी देतात. तेव्हा "अगंबाई, ही तर म्हाताऱ्यांची गोळी!" म्हणून लेकीसुनेची गोळी बंद करू नका.

धोक्याच्या खुणा

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, दुर्गंधी येणारं होणं. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडणं. नाकाचं रक्त न थांबणं. अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग. अकारण थकवा, धाप, चक्कर. असं काही दिसलं, तर लाज बाळगू नका, उद्यावर टाकू नका. काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल, तर तडक इस्पितळ गाठा.

आणि झटका आल्यासारखं वाटलं तर? छातीवर दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. बायकांत पुष्कळदा नुसती धाप, मळमळ, पाठीत दुखणं किंवा विलक्षण गळून गेल्यासारखं वाटणं. आधी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ॲस्पिरिनचं वावडं नसेल आणि कुठून रक्त जात नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅमची साधी, बिनआवरणाची गोळी चावून घ्यायला सांगतात. फोनवरच विचारून घ्या. मात्र तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला, तर ॲस्पिरिन अजिबात देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे तपासणीवाचून कळत नाही.

एक रात्र

इस्पितळात दुसऱ्या रात्री मी सासूबाईंच्या उशाशी बसले होते. रक्ताची बाटली संपत आली होती. मी जरा रागानंच म्हटलं, "आई, मला एका शब्दानं विचारायचंत तरी!"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना झटका आला तेव्हा मी हात धरून बसले होते गं. तेव्हापासून एकच मनात. मला काही झालं, तर ह्यांचं कोण करणार? तुझी शाळा, पोरांच्या परीक्षा. म्हटलं, आपलं आपण जपावं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तीन वर्षं आम्ही सगळे अण्णांची नाडी बघत होतो. आईंची भीती कुणी विचारलीच नव्हती. आपल्या घरातल्या बाईचं औषध असंच असतं. नवऱ्याच्या पाकिटातली उरलेली, शेजारणीनं सांगितलेली, पोळ्या लाटता लाटता घेतलेली.

आता आमच्याकडे दोन डबे आहेत. अण्णांच्या डब्याला लाल रिबीन, आईंच्या डब्याला हिरवी. झाकणाच्या आत प्रत्येकाच्या औषधांची यादी, मात्रा आणि वेळ मी माझ्या फळ्यावरच्या अक्षरात लिहून चिकटवली आहे. डॉक्टरांकडे जाताना डबाच घेऊन जायचा, म्हणजे "ती पांढरी बारीक गोळी" असं सांगायची वेळ येत नाही. आईंना जठराची औषधं दिली, व्रण भरून आला, हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. गुडघ्यांसाठी शेक आणि व्यायाम चालू आहेत. आणि हृदयासाठी? रोज संध्याकाळी दोघं मारुतीच्या देवळापर्यंत चालून येतात, लोणचं-पापड बेतानं, रक्तदाबाची गोळी न चुकता. पहिला झटका टाळण्याचा आईंसाठी तोच खरा उपाय, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. गुडघ्यावर कुठलीशी नवी गोळी निघालीय म्हणत होत्या. आईंनी ती हातात घेतली, उलटी केली आणि माझ्या मुलीला हाक मारली, "बाळ, चष्मा नाही माझा. मागचं बारीक वाच बघू, ह्यात काय काय आहे ते."

मैत्रिणींनो, आज रात्री जेवणं आटोपली, की तुमचाही तो डबा एकदा खाली काढा. आणि गोळ्या मोजून झाल्या, की घरातल्या मोठ्या बाईजवळ दोन मिनिटं बसा.